ऊस नोंदीचं अॅप फोनवर चालतंय, टॅब्लेटवर अडतंय. टेस्टिंग कसं करावं?

निपाणी_टेस्टर

नमस्कार मंडळी. मी निपाणी भागातला, बेळगावात टिळकवाडीतल्या एका लहान कंपनीत टेस्टिंग करतो. सध्या एका साखर कारखान्याचं ऊस नोंदीचं अॅप माझ्याकडं आहे. फिल्डमन रानात जाऊन शेतकऱ्याचं नाव, सर्वे नंबर, क्षेत्र, उसाची जात (आमच्याकडं बहुतेक ८६०३२च), लागण की खोडवा, लागणीची तारीख भरतो, उताऱ्याचा (जमिनीच्या कागदाचा) फोटो काढतो आणि बांधावरून फिरून प्लॉटची हद्द घेतो.

अॅप मूळ फोनसाठी केलेलं. आता कारखान्यानं ८ इंची टॅब्लेट वाटलेत आणि तक्रारी यायला लागल्यात. एकाच मॉडेलच्या टॅब्लेटवर कुणाला फॉर्म दोन रकान्यांत दिसतो, कुणाला एकात. उताऱ्याचा फोटो काढून परत आलं की भरलेला फॉर्म कधीकधी कोरा. आणि काहीजण म्हणतात, क्षेत्र दुरुस्त करून सेव्ह दाबलं की अॅप बंदच पडतं. हे शेवटचं माझ्याकडं एकदाही घडलेलं नाही. एम्युलेटरवर (काँप्युटरवरच्या नकली टॅब्लेटवर) तर सगळंच पास.

डेव्हलपर म्हणतोय ओरिएंटेशन उभं लॉक करू, म्हणजे स्क्रीन आडवी फिरूच द्यायची नाही, सगळं सुटेल. मला ते पटत नाही, पण त्याला दाखवायला हातात काही नाही. आडसालीच्या (पावसाळी लागणीच्या) नोंदी चालू आहेत, फिल्डमन थांबणार नाहीत. कुणी टॅब्लेटवर काम केलंय का?

शहापूर_क्यूए

भाऊ, तिन्ही दोषांची कारणं वेगळी दिसतात आणि लॉक करून त्यातलं एकही जाणार नाही. शिवाय टॅब्लेटवर अँड्रॉइड १६ असेल आणि अॅप एपीआय ३६ ला (अँड्रॉइड १६ च्या नियमांना) टार्गेट केलेलं असेल, तर ६०० डीपी (डेन्सिटीच्या हिशोबानं धरलेलं स्क्रीनचं माप) किंवा त्याहून रुंद स्क्रीनवर सिस्टीम तो लॉक जुमानतच नाही. एपीआय ३६ ला सूट मागता येते, पण एपीआय ३७ पासून ती नाही असं गूगलनंच सांगितलंय.

रकान्यांचं आधी. तुमचा टॅब्लेट ८०० बाय १२८० पिक्सेलचा आणि डेन्सिटी (एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा) २१३ असेल तर हिशोब करून बघा. ८०० गुणिले १६० भागिले २१३, म्हणजे जेमतेम ६०१ डीपी. दोन रकान्यांचा लेआउट ६०० डीपीच्या अटीवर ठेवलेला असणार. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही अशा फिल्डमननं सेटिंगमध्ये डिस्प्ले साइझ वाढवली, डेन्सिटी २४० झाली, की रुंदी ५३३ डीपीवर येते आणि तोच टॅब्लेट फोनचा लेआउट दाखवतो. ऑफिसात बसून हे घडवता येतं: टॅब्लेट काँप्युटरला जोडून एडीबी ह्या टूलमधून ‘एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी २४०’ ही कमांड द्या, बघून झालं की डब्ल्यूएम डेन्सिटी रिसेट. डेव्हलपरला हे समोर बसवून दाखवा. माझ्या मते लेआउट दोन्ही आकारांत नीट चालला पाहिजे, फिल्डमनला अक्षर लहान कर म्हणून सांगणं हा उपाय नव्हे.

कोरा फॉर्म म्हणजे मेमरी. कमी रॅमच्या टॅब्लेटवर कॅमेरा उघडला की मागं राहिलेलं अॅप सिस्टीम मारून टाकते. टॅब्लेट आडवा-उभा फिरवला, फॉर्म राहिला, म्हणून पासची खूण करू नका. व्ह्यूमॉडेल (स्क्रीनवरचा डेटा मेमरीत धरणारा कोडचा भाग) फिरवण्यात टिकतं, सिस्टीमनं अॅपची प्रोसेस मारली की जातं. फॉर्म अर्धा भरा, होम दाबा, एडीबी शेल एएम किल आणि पॅकेजचं नाव द्या, मग अलीकडच्या अॅप्समधून परत या. एवढं केलं की दोष हमखास हाती लागतो. एवढा लांब फॉर्म असेल तर प्रत्येक रकाना भरला की मसुदा लोकल डेटाबेसमध्ये जायला हवा.

आता तिसरं. ह्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या सीमाभागात हा दोष येतोच आणि त्याला कुणी गांभीर्यानं घेत नाही. ज्यांचं अॅप बंद पडतंय त्यांच्या टॅब्लेटची भाषा मराठी आहे का, एवढंच विचारा.

खानापूर तालुक्यात दूध संकलनाच्या एका अॅपचं टेस्टिंग मी करत होते. काही गावांत दूध संस्थेचा सचिव फॅटचा आकडा दुरुस्त करायला गेला की अॅप बंद, शेजारच्या गावात तेच अॅप, तोच टॅब्लेट, व्यवस्थित. सगळे नेटवर्कला आणि टॅब्लेटला दोष देत होते. मी दोन टॅब्लेट शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की चालणारा कन्नडमध्ये होता आणि बंद पडणारा मराठीत. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी केली की स्ट्रिंग फॉरमॅटमधून (आकड्याचा मजकूर बनवणाऱ्या कोडमधून) आकडे देवनागरीत येतात. कन्नडमध्ये ते इंग्रजी आकडेच राहतात. म्हणजे मराठीत फॅटच्या चौकटीत ‘४.२’ देवनागरीत उमटतं, सेव्ह करताना कोड ते परत वाचायला जातो आणि डबलचा पार्सर (दशांश आकडा वाचणारा कोडचा भाग) देवनागरी आकडे घेत नाही, एक्सेप्शन फेकतो आणि अॅप बंद पडतं. पूर्णांकाचा पार्सर मात्र ते घेतो. त्यामुळं लिटर पूर्ण आकड्यात असलं की काही होत नाही, पॉइंट आला की मरतं. तुमचं क्षेत्रसुद्धा दशांशातच असणार.

तारखेचंही तेच. सर्व्हरला जाणारी तारीख टॅब्लेटच्या भाषेप्रमाणं फॉरमॅट केली असेल तर ती देवनागरीत जाते आणि तिकडून परत येते. सर्व्हरला, डेटाबेसला जे जायचं ते लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) यूएस सांगून फॉरमॅट करायचं, आणि माणसाला जे दाखवायचं ते त्याच्या भाषेत. आपल्या माणसाला मराठीत आकडे दिसावेत हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून ‘भाषा इंग्रजी ठेवा’ हा सल्ला मी कुणालाच देत नाही. आकड्याचा प्रत्येक रकाना मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्हींत भरून, दुरुस्त करून, सेव्ह करून बघा.

बटणाची उंची ठरावीक असेल तर कन्नडची खाली लोंबणारी ओत्ताक्षरं (जोडाक्षरातली खालची अक्षरं) आणि मराठीचे रफार-वेलांट्या कापल्या जातात, तेही ह्याच फेरीत बघून घ्या.

चिकोडी_फिल्डमन

मी टेस्टर नव्हे, दुसऱ्या कारखान्याकडं फिल्डमन आहे. तुमच्यासारखंच अॅप आम्ही वापरालोय, म्हणून लिहितो.

सर्वे नंबर नुसता आकडा नसतोय की. १२५/२ब असा हिस्सा असतोय. त्या रकान्याला नंबरचा कीपॅड दिलाय, त्यात तिरकी रेघ पण नाही आणि अक्षर पण नाही. मग पोरं १२५२ भरतात आणि पुढं तोडणीच्या वेळी भांडणं आमच्या दारात.

क्षेत्राचं त्याहून वाईट. उताऱ्यावर १.२५ म्हणजे १ एकर २५ गुंठे. तुमचं अॅप त्याला सव्वा एकर समजालंय का बघा. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे सव्वा एकर झाला ५० गुंठे आणि खरं रान ६५ गुंठे. शेतकऱ्याचा १५ गुंठ्यांचा ऊस नोंदीतनं गेला. एकराचा रकाना वेगळा, गुंठ्याचा वेगळा द्या आणि गुंठे ३९ च्या वर घेऊ नका.

आणि एक. टॅब्लेट आम्ही डाव्या हातावर आडवा धरतो, उजव्या हातानं भरतो, दुपारच्या उन्हात, बांधावर उभं राहून. पांढऱ्यावर करडी अक्षरं काही दिसत नाहीत.

जांबोटी_डेव्ह

वरच्या दादांचं सोनं आहे, ते तसंच्या तसं टेस्ट केसमध्ये घाला.

हद्द घेण्याबद्दल: फक्त वायफायवाल्या काही टॅब्लेटमध्ये जीपीएसची चिपच नसते. ते वायफायवरून ठिकाण सांगतात, उसाच्या फडात वायफाय कुठलं? कारखान्यानं नेमकं कुठलं मॉडेल घेतलंय ते बघा. सिम नसेल तर ओटीपीचा एसएमएससुद्धा त्यावर येणार नाही, लॉगिन तिथंच अडेल.

आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ओल्या काचेवर आपोआप टच लागतात. डिलीट आणि सेव्ह शेजारीशेजारी नकोत. बटण किमान ४८ डीपी ठेवा, साधारण ९ मिलिमीटर होतं. स्क्रीनवर पाणी शिंपडून फॉर्म भरायला लावा.

निपाणी_टेस्टर

ताई, विचारलं. ज्यांचं बंद पडतंय ते सगळे मराठीवाले. माझा टॅब्लेट मराठीत केला, क्षेत्र दुरुस्त केलं, सेव्ह दाबलं आणि लगेच बंद पडला. लॉग (अॅप कुठं पडलं त्याची नोंद) डेव्हलपरला दाखवला, ओरिएंटेशनचा विषय मिटला. डेन्सिटी २४० वर रकानेही बदलले.

दादा, १.२५ ला अॅप खरंच सव्वा एकर धरतंय. आधीच्या नोंदी उताऱ्याच्या फोटोशी ताडून बघायला लागणार, ते कारखान्याला आजच कळवतो.

एक राहिलं. कोगनोळीच्या बाजूच्या दोन फिल्डमनांच्या नोंदी संध्याकाळपर्यंत सिंक होत नाहीत, म्हणजे सर्व्हरवर जात नाहीत. नेट असतं, म्हणतात.

शहापूर_क्यूए

कोगनोळी म्हणजे राज्याची हद्दच. तिथं पलीकडचा, महाराष्ट्र सर्कलचा (मोबाइल कंपन्यांच्या विभागाचा) टॉवर धरला जात असणार. वर्कमॅनेजरच्या (अँड्रॉइडवर मागं चालणारी कामं सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) कामाला ‘नॉट रोमिंग’ अशी नेटवर्कची अट घातली आहे का ते कोडमध्ये बघा. टॅब्लेट रोमिंग दाखवू लागला की त्या अटीचं काम नेट असूनही थांबून राहतं. अट ‘कनेक्टेड’ करा, फोटो वेगळ्या कामात टाका म्हणजे नोंद आधी जाईल, आणि किती नोंदी जायच्या बाकी आहेत तो आकडा फिल्डमनला पहिल्याच पानावर दिसू दे.