मदत हवी आहे: कामगार सचिवांना थेट अर्ज केला तर वडिलांची ग्रॅच्युइटी मिळेल का?

भोसरीकर
वडील जून २०२५ ला रिटायर झाले, आठ महिने झाले तरी ग्रॅच्युइटीचा एक रुपया नाही. एचआरला फोन केला की अकाउंट्सकडे गेलंय, अकाउंट्सला केला की एचआरला विचारा. शेजारचे काका म्हणतात मंत्रालयात कामगार सचिव असतात, त्यांना थेट लिही, वरून एक फोन आला की कंपनी चेक घेऊन घरी येते. सचिवांचं काम नेमकं काय असतं, ते कंपनीला ऑर्डर काढू शकतात का आणि अर्ज कुठे द्यायचा? प्लीज लवकर सांगा, घराचं काम स्लॅबवर अडकलंय.

रेवती_पुणे
सर्व्हिस किती वर्षं? शेवटचा बेसिक अधिक डीए किती? लेखी मागणी केलीय का? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जुना युनियनवाला
सचिव म्हणजे सरकारने नेमलेला आयएएस अधिकारी, कामगार विभागाचा प्रशासकीय प्रमुख. किमान वेतनाच्या अधिसूचना, कायद्याखालचे नियम, मंत्र्यांकडे जाणाऱ्या फाइली हे त्यांचं काम. कामगार आयुक्तालय, औद्योगिक सुरक्षा संचालनालय त्यांच्या विभागाखाली येतं. पण एकेका माणसाच्या ग्रॅच्युइटीचा निवाडा ते करत नाहीत, तो अधिकार कायद्याने कंट्रोलिंग ऑथॉरिटीला, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद सोडवायला नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलाय. महाराष्ट्रात ते काम लेबर कोर्टाकडे आहे. सरळ तिथे जा.

मंत्रालय_वारी
दादा कोर्टात पाठवून माणसाला घाबरवू नका. माझ्या मेहुण्याच्या पगाराचं मी सचिवांच्या नावाने दिलं होतं, आवक शिक्का घेतला, महिन्याभरात लेबर ऑफिसरने कंपनीला बोलावलं. आपले सरकार पोर्टलवर पण टाका.

जुना युनियनवाला
बोलावलं लेबर ऑफिसरनेच ना? अर्ज सचिवांकडून आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला येतो. खाली जायचंच आहे तर वरून कशाला फिरवायचा, आणि त्या चकरेत मुदत जाते ती कोण भरून देणार?

चाकणची_पोरगी
मी फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) आहे, नवीन कोडमध्ये (सामाजिक सुरक्षेच्या नव्या कायद्यात) एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळते म्हणे, खरं का?

रेवती_पुणे
हो, फिक्स्ड टर्मला एक वर्ष, कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय. पण ताई वेगळा धागा काढा, इथे यांचं अडलंय.

भोसरीकर
२७ वर्षं ८ महिने. बेसिक डीए मिळून २६,०००. लेखी काही दिलेलं नाही, मागायला कशाला लागतंय, हक्काचे पैसे आहेत. कंपनी २५ वर्षंच धरतेय म्हणून पण वाद आहे, मधली दोन वर्षं वडील पिथमपूरच्या प्लांटला होते.

रेवती_पुणे
हक्काचेच आहेत. तुम्ही मागितलं नाही तरी हिशोब करून ३० दिवसांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे, उशिरावर १० टक्के साधं व्याज. तरी फॉर्म आय (I), म्हणजे कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज, भरून पोच घ्या, पुढे कागद लागतो. हिशोब असा: २६,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस) गुणिले १५ (वर्षामागे १५ दिवसांचा पगार) म्हणजे वर्षाला १५,०००, सहा महिन्यांवरचे ८ महिने पूर्ण वर्ष धरतात म्हणून २८ वर्षं, एकूण ४,२०,०००. एकाच कंपनीत बदली झाली तर सर्व्हिस तुटत नाही, ती दोन वर्षं सोडू नका.

जुना युनियनवाला
थांबा, पिथमपूर म्हणजे मध्य प्रदेश! हे आधी सांगायचं ना राव. एकापेक्षा जास्त राज्यांत शाखा असल्या की ग्रॅच्युइटीसाठी राज्य सरकार नाही, केंद्र सरकार. म्हणजे मुंबईतल्या सचिवांचा इथे संबंधच नाही, आणि मी सांगितलेलं लेबर कोर्टही नाही, ते मागे घेतो. पुण्यात सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे फॉर्म एन (N), म्हणजे ग्रॅच्युइटी मिळाली नाही याचा अर्ज, द्या. मुदत ९० दिवसांची असते, ती गेलीय, तर उशिराचं कारण लिहून माफीचा अर्ज सोबत जोडा. योग्य कारण असेल तर घेतात.

मंत्रालय_वारी
पण आता नवीन कोड आलाय ना, जुने फॉर्म चालतील का? मी तर म्हणतो सचिवांना एक प्रत द्यायला काय जातंय.

रेवती_पुणे
ते जूनमध्ये रिटायर झाले, हक्क जुन्या कायद्याखाली उभा राहिला. आणि नवा धरला तरी अनेक राज्यांतल्या आस्थापनेला केंद्रच आहे. फॉर्म कुठला ते तिथल्या काउंटरवर विचारून घ्या. केंद्राच्या समाधान पोर्टलवरही ऑनलाइन टाकता येतं.

भोसरीकर
वडिलांच्या पेटीत पिथमपूरची बदली ऑर्डर सापडली, १९९९ ची, शिक्का पुसट आहे पण तारीख वाचता येतेय. उद्या फॉर्म आय रजिस्टर्ड एडीने पाठवतो. केंद्राच्या ऑफिसला वडिलांना स्वतः जावं लागेल का? त्यांचा गुडघा दुखतो, जिने चढवत नाहीत.

जुना युनियनवाला
लेखी अधिकारपत्र देऊन तुम्हाला जाता येतं. त्यांची सही मात्र दोन्ही फॉर्मवर आत्ताच घेऊन ठेवा.