न्यू जर्सी कंप्लायंट एआर-१५ चा स्टॉक बदलायचाय, पिन काढली तर चालतं का?

एडिसनचा_पाटील

नमस्कार मंडळी. इथे रेंजवर जाणारे बरेच जण आहेत असं मागच्या एका धाग्यात दिसलं म्हणून विचारतोय. मी न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड आहे, एफआयडी कार्ड (बंदूक विकत घ्यायला लागणारं राज्याचं कार्ड) पण रीतसर काढलंय, ठसे-बिसे सगळं देऊन, आणि आता एक एआर-१५ (सेमी-ऑटो रायफल, ट्रिगर दाबला की एकच गोळी, पुढची आपोआप भरली जाते) घेतली, जर्सी कंप्लायंट म्हणूनच विकतात ती. म्हणजे बॅरलच्या तोंडाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा), तो पिन करून वेल्ड केलेला, मॅगझिन १० राउंडचं आणि स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, दिसायला तो सहा पोझिशनवाला, पण पिन मारून एकाच जागी पक्का केलेला.

घोळ असा आहे की तो जवळजवळ पूर्ण बाहेर काढून मग पिन मारलाय. माझी उंची साडेपाच फूट, हात आखूड, बायको तर पाच फूट एक इंच. खांद्याला लावली की मान पुढे ताणावी लागते, कोपर विचित्र बाहेर जातं आणि थंडीत जॅकेट घातलं की विचारूच नका. बायको दोन मॅगझिन मारून म्हणाली परत नेऊ नकोस मला.

आता तीन गोष्टी डोक्यात आहेत. एक तर पिन ड्रिल करून काढायची, स्टॉक आत सरकवायचा आणि परत पिन मारायची, माझ्याकडे गॅरेजमध्ये ड्रिल आहे. दुसरं म्हणजे बाजारात मिळणारा फिक्स स्टॉक घ्यायचा, पण कुठला बसेल ते कळत नाही, कुणी मिल-स्पेक म्हणतं कुणी कमर्शियल. तिसरं, पेनसिल्व्हेनियात चुलतभाऊ आहे, तो म्हणतो तिकडे असलं काही नाही, माझी आण आणि वापर. काय करू?

शोअरवाले_काका

पाटील, तिसरं आधी निकालात काढू. भावाची रायफल त्याच्याकडे पेनसिल्व्हेनियात कायदेशीर आहे, ती पूल ओलांडून इकडे आणली की नाही. सरकणारा स्टॉक अधिक पिस्टल ग्रिप, झालं. तिकडे जाऊन त्याच्याबरोबर त्याच्या रेंजवर मार, मजा कर, इकडे आणू नको.

आता पिनचं. तू कंप्लायंट म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण दुकानदार नुसता शब्द सांगतात, हिशोब कुणी सांगत नाही. आपल्याकडे कायदा १९९० चा, त्यात काही रायफली नावानिशी दिल्यात आणि त्यांच्याशी "बऱ्याच अंशी सारख्या" असलेल्याही बंद. सारखी म्हणजे किती सारखी, ते १९९६ मध्ये अॅटर्नी जनरलने लिहून दिलं. सेमी-ऑटो रायफल, मॅगझिन निघणारं, आणि पुढच्यापैकी दोन गोष्टी असल्या की ती अॅसॉल्ट फायरआर्म, म्हणजे बंदीतली: घडी होणारा किंवा सरकणारा स्टॉक, खाली आलेली पिस्टल ग्रिप, बेयोनेट म्हणजे संगीन लावायची जागा, फ्लॅश सप्रेसर (गोळीची चमक कमी करणारा तुकडा) किंवा त्यासाठी आटे पाडलेलं बॅरल, ग्रेनेड लाँचर. तुझ्या रायफलला पिस्टल ग्रिप आहेच, म्हणजे एक कोटा संपला. बाकी सगळं शून्य ठेवावं लागतं. म्हणूनच मझल ब्रेक वेल्ड केलाय आणि म्हणूनच स्टॉक पिन केलाय.

तर गॅरेजमध्ये तू पिन काढलीस, स्टॉक सरकायला लागला, तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली आणि तू हात धुवायला गेलास, त्या वेळेला टेबलावर जे पडलंय ते काय आहे? दोन फीचरवाली रायफल. दुसऱ्या डिग्रीचा गुन्हा आहे हा, पाच ते दहा वर्षं. कुणी बघायला येणार नाही हे मलाही कळतं, पण आपण ग्रीन कार्डवाले, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलो तर तुरुंग एकीकडे आणि डिपोर्टेशन वेगळं. सिटिझन माणूस वकील करून सुटेल कदाचित, तुझी पोरं इथल्या शाळेत आहेत ना?

गनस्मिथकडे दे. लायसन्सवाला असतो, त्याच्याकडे रायफल सोडायची, तो पिन काढणार, हवी तिथे बसवणार, परत पक्की करणार. पावतीवर काय काम केलं ते लिहून घे आणि पावती केसमध्येच ठेव. आणि नेताना अनलोड करून, केस बंद करून, डिकीत, घर ते दुकान सरळ. वाटेत मॉलमध्ये चक्कर वगैरे नाही.

बफर_ट्यूब

काकांनी कायदा सांगितला, मी नटबोल्ट सांगतो.

आधी तुझ्या रायफलची ट्यूब कुठली ते बघ, म्हणजे ज्या नळीवर स्टॉक चढतो ती. सरकणाऱ्या स्टॉकची ती कार्बाइन ट्यूब. त्यात मिल-स्पेकचा बाहेरचा व्यास १.१४८ इंच आणि कमर्शियलचा १.१६८. फरक एवढुसा, पण मिल-स्पेक स्टॉक कमर्शियल ट्यूबवर चढतच नाही आणि उलट केलं तर चढतो पण खुळखुळा वाजल्यासारखा हलतो. व्हर्नियर कॅलिपर असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर मॅन्युअल बघ. कमर्शियल ट्यूबचं मागचं टोक बहुतेक तिरकं कापलेलं असतं, मिल-स्पेकचं सपाट, पण नुसतं त्याच्यावर भरवसा ठेवू नको.

तुझ्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कार्बाइन ट्यूबवरच बसणारा फिक्स स्टॉक. मॅगपुलचा एमओई फिक्स्ड कार्बाइन आहे, मिल-स्पेक ट्यूबसाठी, मुळातच सरकत नाही त्यामुळे पिनचा विषयच येत नाही. ट्यूब, बफर (ट्यूबमध्ये सरकून धक्का झेलणारा वजनाचा तुकडा), स्प्रिंग सगळं आहे तेच राहतं. कुठलाही घे, पण लांबी आकड्यात बघून घे, फोटो बघून नको.

दुसरा रस्ता जुना एम-१६ टाइप फिक्स स्टॉक. इथे लोक हमखास गंडतात. ए-२ स्टॉक ए-१ पेक्षा ५/८ इंच लांब असतो, म्हणजे तुझ्यासाठी ए-२ घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ए-१ लांबीचा घे. पण दोन्हींना लांब रायफल ट्यूब लागते, आणि ट्यूब बदलली की बफर आणि स्प्रिंग पण रायफलचेच लागतात. कार्बाइनचा आखूड बफर लांब ट्यूबमध्ये तसाच टाकला तर बोल्ट कॅरिअर (गोळी मारल्यावर मागेपुढे जाणारा भाग) गरजेपेक्षा जास्त मागे जातो आणि त्याच्यावरची गॅस की (वायू आत घेणारी बारकी नळी) रिसीव्हरवर, म्हणजे रायफलच्या मुख्य बॉडीवर आपटते, रिसीव्हर खराब. रायफल बफर कार्बाइन ट्यूबमध्ये टाकला तर बोल्ट पूर्ण मागेच जात नाही. तेव्हा अर्धवट खरेदी करायची नाही, सेट घ्यायचा.

आणि हे काम कुणीही करो, मागची प्लेट किंवा जुना स्टॉक सैल केला की टेकडाउन पिनची (रायफलचे वरचा-खालचा भाग जोडणारी पिन) बारकी स्प्रिंग उडते. म्हणजे उडतेच. गनस्मिथकडे ती उडाली तर त्याचा वैताग, तुझ्याकडे उडाली तर सोफ्याखाली मोबाइलचा टॉर्च मारत बसशील. ट्यूब बसवल्यावर कॅसल नट (ट्यूब जागेवर धरणारा खाचांचा नट) नुसता आवळून सोडायचा नाही, प्लेटचा धातू ठोकून नटाच्या खाचेत दाबायचा असतो, नाहीतर शंभर-दोनशे राउंडमध्ये ढिला होऊ शकतो.

फ्रेमाँटकर

आमच्याकडच्या कॅलिफोर्नियावाल्यांनी हे वाचून तसंच करू नका प्लीज, म्हणून मध्ये पडतोय. जर्सीत एक फीचर चालतं, आमच्याकडे एकही नाही. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आपटते ती) सेमी-ऑटो, मॅगझिन निघणारं, आणि पिस्टल ग्रिप, थंबहोल स्टॉक, घडीचा किंवा सरकणारा स्टॉक, फ्लॅश सप्रेसर, पुढची पिस्टल ग्रिप यातलं एक जरी असलं तरी संपलं. त्यामुळे इथे नुसता स्टॉक फिक्स करून भागत नाही, ग्रिपला पण ती माशाच्या परासारखी फिन असलेली ग्रिप लावावी लागते, हात नीट बसत नाही पण काय करणार. पूर्वी बुलेट बटन (मॅगझिन बोटाने नाही, टोकदार वस्तूनेच निघेल असं बटन) होतं, ते २०१६ च्या कायद्याने गेलं, २०१७ पासून. न्यूयॉर्कला पण २०१३ पासून एकच फीचर पुरतं.

उलट उदाहरण सांगतो. माझ्याकडे रुगर मिनी-१४ आहे, साध्या लाकडी स्टॉकची. गोळी तीच, मॅगझिन तसंच निघणारं, आणि आहे तशी पूर्ण कायदेशीर. त्यालाच ऑनलाइन मिळणारा घडीचा पिस्टल ग्रिपवाला स्टॉक लावला की त्याच क्षणी अॅसॉल्ट वेपन. म्हणजे इथे स्टॉक हीच रायफलची जात ठरवतो. आणि साइटवर "शिप्स टू कॅलिफोर्निया" लिहिलंय म्हणजे लावणं कायदेशीर असं नाही, स्टॉक नुसता पार्ट आहे, विकायला बंदी नाही, लावल्यावर जबाबदारी तुमची.

रुगर १०/२२ सारख्या रिमफायरला (काडतुसाच्या कडेवर पिन आपटते ती) आमच्याकडे हे फीचरचे नियम नाहीत कारण कायद्यात सेंटरफायर लिहिलंय. जर्सीवाल्यांनी ते गृहीत धरू नका, तुमच्या व्याख्येत नुसतं सेमी-ऑटो रायफल आहे.

हडसन_किनारी

पण ते कोर्टाने उडवलं ना जर्सीचं? व्हॉट्सअॅपवर आलं होतं की एआर-१५ ची बंदी घटनाबाह्य. मग कशाला पिन अन् वेल्ड?

शोअरवाले_काका

निकाल ३० जुलै २०२४ चा. फेडरल जिल्हा कोर्टाने कोल्ट एआर-१५ वरची बंदी, तीसुद्धा घरात स्वसंरक्षणासाठी ठेवण्यापुरती, घटनाबाह्य म्हटली. बाकीच्या रायफलींबद्दल नाही, १० राउंडची मर्यादा तर कायम ठेवली. वर निकालाला तेव्हाच ३० दिवस स्थगिती दिली आणि दोन्ही बाजू अपिलात गेल्या. फॉरवर्डवर भरवसा ठेवून पिन काढू नका रे.

नवीन_सदस्य_डॅलस

मी टेक्सासला, एच-१बी वर. इथे असलं कंप्लायंट वगैरे काही नाही. मी घेऊ शकतो का?

शोअरवाले_काका

राज्याचा प्रश्नच नाही, फेडरल कायद्यानेच नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक, पण तो रस्ता धरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे दे. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलास तर झोप चांगली लागेल.

करवीर_१०मीटर

मी कोल्हापूरची, हातात एअर रायफल आणि आता ५० मीटर, एआर वगैरे माझ्या बापजन्मात हातात आलेली नाही, पण खांद्याला बसणं या विषयावर बोलते कारण आमचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. तुमचं वाचून खरं सांगायचं तर हसू आलं, आमच्या रायफलचा सगळा दस्ताच सरकतो. बट प्लेट मागेपुढे वरखाली, चीक पीस (गाल टेकवायचा भाग) वरखाली, सगळं अॅलन कीने. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, त्या प्रकारात तर गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही पोझिशनला सेटिंग वेगळं, मध्येच बदलतात. तुमच्याकडे एकदाच ठरवायचं आणि पिन मारायची, म्हणजे मोजमाप आमच्यापेक्षा जास्त नीट घ्यायला पाहिजे.

ट्रिगरच्या पुढच्या बाजूपासून बटच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, तीच लांबी. दुकानात कोपराच्या खोबणीत बट टेकवून बोट ट्रिगरला पोचतं का बघतात, ते ढोबळ आहे, सुरुवातीला ठीक. त्यापेक्षा डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल आपोआप जिथे टेकतो तिथे ठेवा आणि मग डोळे उघडा. मान ताणावी लागली तर लांब आहे. अंगठा नाकावर आपटायला आला तर आखूड. हे ज्या कपड्यांत जास्त वेळा मारणार त्या कपड्यांत करा, जॅकेटचा जाडपणा लांबीतच धरायचा. रायफल अनलोड आहे हे आधी दोनदा बघा, हे सांगायला नको पण सांगते.

आणि दोघांत एकच रायफल असेल तर वहिनींच्या मापाने करा. उंच माणूस आखूड स्टॉकवर थोडं जुळवून घेतो, लहान चणीच्या माणसाला लांब स्टॉक जमतच नाही, तो मागे झुकून उभा राहतो आणि मग धक्का पण जास्त लागतो. तुमचं नेम धरायचं भिंग पुढेमागे सरकतं ना? मग राहिलेला फरक त्याने काढा.

एडिसनचा_पाटील

सगळ्यांचे आभार, ड्रिल परत पेटीत गेलं. मॅन्युअल काढून बघितलं, ट्यूब मिल-स्पेक आहे. एक मात्र विचारायचं राहिलं, काका म्हणाले दोन फीचर, मग फ्रेमाँटकरांची ती फिनवाली ग्रिप लावली आणि स्टॉक सरकता ठेवला तर जर्सीत एकच फीचर उरतं ना? म्हणजे बायकोला आत, मला बाहेर, प्रश्नच मिटला.

शोअरवाले_काका

कागदावर हिशोब बरोबर आहे तुझा. पण ती ग्रिप "खाली आलेली पिस्टल ग्रिप" नाही हे रस्त्यावर अडवलेल्या पोलिसाला कोण पटवणार, तू का? त्याला सरकणारा स्टॉक दिसणार आणि एआर दिसणार. मी केलं नसतं. करायचंच असेल तर आधी इथल्या बंदुकीच्या केसेस लढणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घे, तेवढ्या फीमध्ये दोन फिक्स स्टॉक येतील.

बफर_ट्यूब

फिक्स कार्बाइन स्टॉक घे, वहिनींना दुकानात घेऊन जा आणि आधी त्यांच्या खांद्याला लावून बघ. जास्त आखूड वाटला तर मागे जाड रबर पॅड बसतो का ते गनस्मिथला तिथेच विचार.

एडिसनचा_पाटील

शनिवारी जातोय. बायको म्हणते जॅकेट घालून येते, जुलैमध्ये.