अनुभव धागा: नगरपंचायतीचा रोजचा कारभार, कागद आणि टेप

कोरेगाव, वडूज, दहिवडी, मेढा इथं पूर्वी ग्रामपंचायती होत्या. पाटी बदलून नगरपंचायत झाली तसं गाव 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातून 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आलं. सभेचे कागद, एमबी (कामाच्या मोजमापाची वही), करवसुली, टाकीची चावी ज्यांच्या हाताखालून गेली, त्यांनी इथं लिहावं. कोण कुणाला काय बोललं ते नको. काय करायचं आणि कुठं फसतं, तेवढंच.

सभा लिपिक, निवृत्त

सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला सात पूर्ण दिवस लागतात, विशेष सभेला तीन. नोटीस पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजायचं. सभा 20 तारखेला असेल तर अजेंडा 12 ला हातात पडलेला हवा. 13 ला दिला की सहाच दिवस भरतात, आणि ज्याला सभा पाडायची आहे तो नेमका तेच मोजतो. पोच वहीत सहीखाली तारीख सदस्याकडूनच लिहून घ्यावी.

ठरावात 'अमुक आळीतील रस्ता करण्यास मान्यता' एवढंच लिहिलं तर पुढं काहीच चालत नाही. कुठून कुठपर्यंत, लांबी-रुंदी, अंदाजपत्रकाची रक्कम आणि लेखाशीर्ष (खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते), हे चारही हवेत. लेखाशीर्ष राहिलं की बिलाच्या वेळी लेखापाल फाईल परत पाठवतो, आणि तोवर ठेकेदार काम करून बसलेला असतो. विरोध झाला असेल तर 'बहुमताने' लिहून बाजूनं किती, विरोधात किती ते आकडे आणि विरोध करणाऱ्यांची नावं टाकावीत. सूचक-अनुमोदकांच्या सह्या त्याच दिवशी. पानावर उरलेली कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करायची. लोक ती मोकळी का सोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बांधकाम विभागातून

वरच्या रस्त्याचंच धरा. लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, काँक्रीटची जाडी 10 सेंटीमीटर, म्हणजे 30 घनमीटर. जागेवर रुंदी 2.75 भरली तर 27.5. अडीच घनमीटर काँक्रीट नुसत्या कागदावर उरतं. म्हणून रुंदी एकाच ठिकाणी न घेता दर 10 मीटरवर घ्यायची आणि एमबीत प्रत्येक माप वेगळं लिहायचं. सगळीकडे 3.00, 3.00 अशी मापं दिसली की समजावं, टेप पेटीतच राहिली.

जे झाकलं जाणार, ते आधी मोजायचं: खोदाई, मुरमाचा थर, पाईपखालची वाळू. काँक्रीट पडल्यावर मुरूम किती होता ते उकरल्याशिवाय कळत नाही. काँक्रीटच्या जाडीचं माप ओतण्याआधी फर्म्याला (काँक्रीटच्या साच्याला) दोरी ताणून घ्यावं. कडेला जाडी बरोबर येते, मध्ये खालचा थर फुगलेला असतो आणि तिथंच पुढं तडा जातो. क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, 15 सेंटीमीटरचे, तपासणी 7 आणि 28 दिवसांनी. क्यूबवर तारीख ओल्यातच कोरावी, खडूनं नको.

कर विभाग

करयोग्य मूल्य काढताना वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात. महिना 2,000 भाडं म्हणजे वर्षाचे 24,000, करयोग्य मूल्य 21,600. चतुर्वार्षिक आकारणीची नोटीस आली की दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं सुनावणीत मोजत नाहीत. सर्वात जास्त चुका पत्र्याच्या शेडला पक्क्या बांधकामाचा दर लावल्यानं आणि पाडलेल्या खोल्या यादीत तशाच राहिल्यानं होतात. थकबाकीवर शास्ती (दंड) महिना 2 टक्के. 5,000 थकले की दर महिन्याला 100 रुपये.

पाणीपुरवठा

33 टक्के क्लोरीनच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण 1,000 लिटरला 5 ग्रॅम. लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पावडर थेट टाकीत ओतणं ही नेहमीची चूक, ती तळाला बसते. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून निवळू द्यावी, वरची निवळ टाकीत सोडावी, अर्धा तास थांबून व्हॉल्व्ह उघडावा. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पिवळ्या रंगावरून बघायची चाचणी) टाकीपाशी करून उपयोग नाही. शेवटच्या नळाला 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन मिळाला पाहिजे. रंग लगेच, 10 सेकंदांच्या आत बघायचा. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो. मग माप तेच आणि टेस्ट पांढरी, आणि बोलणी खातो व्हॉल्व्हमन.

जन्म-मृत्यू नोंद

21 दिवसांत नोंद विनाशुल्क. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करून टाकावी, नाव नंतर घालता येतं. आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, ते दाखला हातात घेतल्याबरोबर तिथंच वाचावं.

सभा लिपिक, पुन्हा

आयत्या वेळचा विषय, म्हणजे अजेंड्यावर नसताना सभेतच घेतलेला, तो राहिला. अभिनंदन, श्रद्धांजली यांना तो ठीक. खर्चाचा विषय तिथं घुसवला की नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाते आणि ठराव स्थगित होतो. त्यापेक्षा तीन दिवसांची नोटीस काढून विशेष सभा घेतलेली बरी.