टाकी फुल्ल केली तर ५२० किमी जाईल का?

एकटा_स्वार:
गाडी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. टाकी १२ लिटरची, त्यात २ लिटर रिझर्व्ह. पुढच्या आठवड्यात ५२० किमी जायचंय, डबलसीट, मागे दोन बॅगा. गेल्या तीन वेळा टाकी फुल्ल करून लिहून ठेवलंय:

४७८ किमी, १०.६ लिटर
३८८ किमी, ७.६ लिटर
३६७ किमी, ८.९ लिटर

अ‍ॅव्हरेज ४५, मग ५१, मग ४१. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा मीच. ५१ धरलं तर ६१२ किमी, आरामात. ४१ धरलं तर ४९२, म्हणजे शेवटी ढकलगाडी. खरं कुठलं? पहिल्या वेळी ४७८ झाले तरी रिझर्व्हला लागली नव्हती, म्हणून मला वाटतं जाईल.

चौथा_गिअर:
आधी टायरची हवा बघा, गाडी थंड असताना. मग मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय. माझी गाडी दोन महिने असंच पेट्रोल पीत होती आणि मी कार्ब्युरेटरला शिव्या घालत होतो.

वहीवाला:
सीटखाली वही ठेवून अकरा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

७.६ लिटर बसलं त्या दिवशी गाडी साईड स्टँडवर होती का? तिरकी उभी असली की पेट्रोल तोंडाशी लवकर येतं, नोझल कट होतं आणि आपण फुल्ल समजून निघतो. अर्धा-पाऊण लिटर सहज कमी बसतं. त्यामुळे त्या वेळचं अ‍ॅव्हरेज फुगतं, आणि ती तूट पुढच्या भरण्यात निघते, म्हणून ते पडतं. तुमचे ५१ आणि ४१ ही एकाच चुकीची दोन टोकं आहेत. तिन्हींची बेरीज करा: १२३३ किमी, २७.१ लिटर. साडेपंचेचाळीस. हे तुमचं अ‍ॅव्हरेज.

पण ते कामावर जाण्यायेण्याचं, एकट्याचं. लांब रस्त्यावर ६० ऐवजी ९० ने गेलात तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, वर बॅगा आणि मागे माणूस. मी ४० च धरेन. तेही १२ ने गुणायचं नाही, १० ने. रिझर्व्ह हिशेबात घेतला की तो रिझर्व्ह राहत नाही. ४०० किमी. साडेतीनशेला भरून घ्या, तेवढ्यात पाठही मोकळी होईल.

आता मला खटकलेली गोष्ट. पहिल्या वेळी १०.६ लिटर बसलं, म्हणजे आत १.४ च उरलं होतं. रिझर्व्ह २ चा. मग गाडीने आधीच गचके द्यायला हवे होते. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसते. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची चावी, ऑनवर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं, रिझर्व्हवर तळातून. कॉक खाली जाऊन बघा. माझा एकदा चार महिने रिझर्व्हलाच राहिला होता. ज्या दिवशी गाडी बंद पडली त्या दिवशी मी ऐटीत कॉक फिरवायला वाकलो. गाडी कॉकच्या बाजूला चांगली आडवी केली, टाकीच्या दुसऱ्या कुशीतलं घोटभर इकडे आलं, त्यावर तीन किमी गेलो. पुढे चालतच.

चौथा_गिअर:
😂 इंजेक्शनवाल्या गाडीत हा कॉकच नसतो. पण तिथे पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून टाकी सारखी तळाला नेणं बरं नाही.

एकटा_स्वार:
वहीवाले काका, दुसऱ्या वेळी साईड स्टँडच. मागे रांग होती, घाईत उतरलोच नाही.

आणि आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. कॉक रिझर्व्हला आहे. कधीपासून, देव जाणे.