मदत हवी आहे: पश्चिमेच्या हिरव्या भिंतीत वर वाळतंय, खाली कुजतंय

पुणे. झाडं लावलेली भिंत (व्हर्टिकल गार्डन) ६ मीटर उंच, मागे ७५ मिमी पोकळी, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) सांगाड्यावर प्लास्टिकचे कप्पे, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांचं मिश्रण. ठिबकची एकच लाइन, तीही सगळ्यात वर. रोज सकाळी सलग २० मिनिटं.

वरच्या दोन ओळींतलं कोकोपीट दुपारपर्यंत आकसून कडेला बोटभर फट पडते, मग पुढचं पाणी मुळांना न लागता तिथूनच निसटतं. तळाच्या मनी प्लांटची मुळं काळी, वास मारणारी.

दर दीड मीटरला वेगळी लाइन, दाब सांभाळणारे ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारी ठिबकची तोंडं) आणि ३-४ मिनिटांच्या पाच पाळ्या केल्या तर भागेल, की कोकोपीटच बदलावं? बोअरचं पाणी जड आहे, १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर असूनही ड्रिपर क्षाराने चोंदतात. क्षार विरघळवायला लाइनमधून ॲसिड किती दिवसांनी सोडता? आणि पोकळी वरखाली उघडी ठेवता की बंद?