उत्तर: निवडून आलेला न्यायाधीश

एक मुद्दा मांडला जातो की न्यायाधीश लोकांनी निवडून दिले तर ते लोकांना घाबरून वागतील. टेक्सासात तालुका पातळीवरचा ‘जस्टिस ऑफ द पीस’ (किरकोळ खटले चालवणारा स्थानिक न्यायाधीश) आजही मतपेटीतून येतो, दर 4 वर्षांनी, तोही पक्षाच्या तिकिटावर. वकिलीची पदवी लागत नाही.

या पदावरचा सगळ्यात गाजलेला गडी म्हणजे रॉय बीन. 1882 साली नेमणूक झाली आणि पुढे तो निवडणुका लढवत राहिला. 1886 आणि 1896 मध्ये चक्क हरलासुद्धा, म्हणजे मतदार अगदीच भोळे नव्हते. लँगट्री गावात त्याचा दारूचा गुत्ता, तेच कोर्ट. कायद्याचं पुस्तक एकच, 1879 चं. पुलावरून पडून मेलेल्या माणसाच्या खिशात 40 डॉलर आणि पिस्तूल सापडलं, तर हत्यार लपवून बाळगल्याबद्दल बरोब्बर 40 डॉलर दंड ठोकला, असं सांगतात. आख्यायिका असेल, पण प्रेताची चौकशी हे खरोखरच त्याचं काम होतं. जिथे सरकारी शवचिकित्सक नाही त्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) आजही ते याच पदाकडे आहे.

तेव्हा घाबरण्याचं म्हणाल, तर बीन हरला तरी बधला नाही. मला विचाराल तर निवडणुकीपेक्षा वर अपील कुठे करता येतं ते आधी बघा.