ट्रॅक्टरचं इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग सरीच्या टोकाला वळवतानाच जड होतंय? आधी व्होल्टेज बघा

दादा, निपाणीकडच्या उसाच्या रानात इंजिन हळू, वळण पूर्ण, म्हणजे स्टेअरिंगला मदत करणारी मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते तेव्हाच स्टेअरिंग जड होतंय, म्हणून मोटर लगेच बदलू नका. एकाला स्टेअरिंग जोर लावून धरायला सांगा. त्याच वेळी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्टेअरिंग युनिटच्या (मोटर चालवणाऱ्या कंट्रोल डब्याच्या) प्लसवर. मग मायनसचंही तसंच. कुठेही अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर दोष त्याच बाजूच्या वायरीत. बहुतेकदा अर्थच (मायनसचं कनेक्शन) दोषी निघतो, रंगावरच बोल्ट आवळलेला असतो! अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला न्या, १० स्क्वेअर एमएम वायरनं. असा ड्रॉप (वायरीत व्होल्टेज पडणं) नसेल तर अल्टरनेटरचं चार्जिंग तपासा. स्टेअरिंग सोडल्यावर एकाच बाजूला ओढत असेल तर मात्र दोष टॉर्क सेन्सरचा (हाताचा जोर मोजणारा) किंवा वाकड्या बसलेल्या स्टेअरिंग कॉलमच्या जॉइंटचा.